काट्याला पाणी

क्वार्टरचा नळ बंद झाला आणि माझी कंबर गेली. घर एरीच्या काठाला, घरासमोर पंपहाउस, तिथून दिवसरात्र शहराला पाणी जातंय, आणि आम्ही प्यायचं पाणी आणायला चिखल तुडवत जातोय. सांगितलं तर कुणाला खरं वाटायचं नाही. एरी म्हणजे मोठं तळं. आम्ही तंजावरकडची मराठी माणसं, बोलण्यात अर्धं तमिळ मिसळून गेलंय, त्याला आता इलाज नाही. तर पाणीखात्याचे शेषगिरी साहेब मद्रासेहून जीपमधून आले, म्हणाले, हे शहराचं पाणी आहे, नोकरांनी जपून वापरावं, आणि आमच्या नळाच्या तोंडात लाकडाची खुंटी ठोकवून गेले. खुंटी ठोकायला लावली ती आमच्याच माणसाला.

आमचे हे, मानाजीराव, त्या पंपहाउसात मीटर-मेकॅनिक. लग्न झालं तेव्हा मद्रासच्या जॉर्ज टाउनात एका घड्याळजीकडं काम करायचे, तिथून पाणीखात्यात लागले. पंप चालवायचं काम यांचं नव्हे, ते कृष्णस्वामीचं. यांचं काम काट्यांचं. पाइपातून पाणी किती जातं त्याचा एक काटा, पाण्याला दाब किती त्याचा एक, आणि एरीत पाणी किती आहे ते दाखवणारा मोठा काटा. त्याची तबकडी परातीएवढी, तिच्यावर पाणी कमी झाल्याची लाल खूण, खिडकीतून बाहेरूनही दिसायची.

त्या मोठ्या काट्याची विहीर बाहेर होती, बांधाच्या पायथ्याशी. विहीर म्हणजे काय, कवेत मावेल एवढा सिमेंटचा उभा नळ जमिनीत पुरलेला. खालून एक पाइप एरीत गेलेला, म्हणून एरीचं पाणी जेवढं तेवढंच विहिरीत. आत तांब्याचा पोकळ डबा तरंगायचा, डब्याची तार कप्पीवरून भिंतीतून आत यायची. पाणी उतरलं की डबा उतरायचा आणि डब्यामागं काटा. शेजारी चावीवर एक कागद गुंडाळलेलं पिंप फिरायचं आणि शाईची टोचणी त्यावर रेघ ओढत बसायची. मला हे सगळं पाठ आहे, कारण यांना दुसरं बोलणंच माहीत नव्हतं. जेवताना भातात बोटानं विहीर करायचे आणि रसम ओतून दाखवायचे. मी म्हणायची, "जेवा आता, डबा बुडाला."

इतकी वर्षं नोकरी करूनही हे हंगामीच होते. त्या उन्हाळ्यात साहेब म्हणाले होते, एवढा दुष्काळ नीट निभावलास, काटे बिनचूक ठेवलेस, तर कायम करतो. नाही तर क्वार्टर रिकामं कर, दुसरा माणूस तयार आहे. तंजावरला आमचं काही उरलं नव्हतं. जाऊन कुणाच्या ओसरीवर पथारी टाकायची, हे ठरवण्यासारखंही नव्हतं.

त्या वर्षी वैशाखातलं ऊन आषाढ आला तरी हटेना. पाणी रोज उतरत होतं, आणि साहेब येतील तेव्हा ओरडत होते. हा माणूस वाईट होता असं मी म्हणणार नाही, पण त्याच्यावर वरून कुणी ओरडत असावं आणि ते सगळं तो आमच्या दारात आणून सांडायचा. एकदा तर यांना पंपहाउसाबाहेर भर उन्हात उभं केलं. खिडकीतून काट्याकडं बोट दाखवून म्हणाले, "गेल्या खेपेला कुठं होता आणि आज कुठं आहे? तू करतोस काय इथं?"

हे म्हणाले, "सार, पाणी उतरलं म्हणून काटा उतरला."

"मला शिकवतोस?" साहेब म्हणाले. "पूस ती काच. काही दिसत नाही धुळीनं."

यांनी खांद्यावरचा पंचा काढून काच पुसली. काच स्वच्छच होती, सकाळीच पुसलेली. साहेबांनी पुन्हा पुसायला लावली. यांच्या मानेवरून घाम ओघळत होता आणि सदऱ्याची पाठ अंगाला चिकटली होती. कृष्णस्वामी पंपाकडं तोंड करून उभा राहिला, त्यालाही बघवत नसावं.

आमच्या दारात आत्याबाई चिंच फोडत बसल्या होत्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, सकवारबाई. नजर म्हातारपणीसुद्धा घारीची. त्यांनी चिंच खाली ठेवली, साहेबांच्या तोंडाकडं बघितलं, मग काट्याकडं बघितलं. जीप गेल्यावर मला एवढंच विचारलं, "तुळजे, तो काटा लाल खुणेच्या खाली गेला म्हणून ओरडला ना तो?"

"हो," मी म्हटलं. माझं डोकं तापलेलं होतं. "काटा वर असता तर कशाला ओरडला असता मेला?"

बोलून गेले मी. नंतर फार वेळा वाटलं, जीभ चावली असती तर बरं झालं असतं.

पुढच्या आठवड्यात काटा उतरायचा थांबला. उलट थोडा चढून लाल खुणेवर येऊन जो बसला तो हलेना. पहिल्यांदा यांना आनंद झाला. म्हणाले, "कुठं तरी वर पाऊस झाला असणार, झरे आले." साहेबांना टेलिफोनवर सांगितलं, तिकडून शाबासकी आली. त्या दिवशी यांनी अंबत्तूरच्या बाजारातून माझ्यासाठी मोगरा आणला. तिकडं तेव्हा नवे कारखाने उठत होते, फुलंवाल्या बायका फाटकाशी बसायच्या. मी मोगरा माळला आणि घागर घेऊन झिऱ्यावर गेले. झिरा म्हणजे एरीच्या कोरड्या तळात आम्हीच खणलेला खड्डा. तो दर थोड्या दिवसांनी आणखी आत खणावा लागत होता. चालणं वाढत होतं. आधी घोट्याएवढा चिखल, मग वाळलेल्या भेगा, मग पुन्हा चिखल. येताना डोक्यावर घागर, पाय भेगेत अडकला की मानेपासून टाचेपर्यंत कळ जायची.

मी घरी येऊन म्हटलं, "अहो, काटा थांबला म्हणता, आणि माझं पाणी रोज लांब पळतंय."

"ती कड उथळ आहे. ती आटणारच. काटा खोली दाखवतो."

"एकदा बांध उतरून डोळ्यांनी बघून या."

"डोळे चुकतात तुळजा. म्हणून तर काटा लावलाय."

आता यावर काय बोलायचं? पण यांच्याही मनात घोळ होताच. कागदावरची रेघ सरळ यायची, पण रोज सकाळी तिला एक बारीकसा दात. रेघ रात्रभर किंचित खाली सरकायची आणि उजाडता उजाडता टुणकन वर. हे त्या दाताकडं बघत बसायचे. "एरीला रोज सकाळी उचकी लागते," म्हणायचे. कृष्णस्वामी म्हणाला दव पडतं. हे म्हणाले इतकं दव पडतं तर दुष्काळ कशाला म्हणायचा. मग यांनी कप्पी उतरवली, रॉकेलनं धुतली, तेल घातलं. तार बदलली. चावीचं पिंप खोलून पुन्हा बसवलं, जुन्या घड्याळजीकडची भिंगं डोळ्याला लावून. सकाळी पुन्हा दात. यांचं जेवण कमी झालं. झोपेत बोटांनी तार ओढायचे.

आणि घरात दुसरंच. घागरी रिकाम्या होत होत्या. मी सकाळची पहिली खेप आणून ठेवायची, दुसऱ्या खेपेला जायची, परत येते तो पहिली घागर तळाला. तिघं माणसं, पाणी जातं कुठं? मी आत्याबाईंना विचारलं.

"आंघोळ केली," त्या म्हणाल्या.

"दोनदा?"

"म्हातारीला उकडत नाही का गं?"

मी भांडी जरा मोठ्यानं आपटली. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, असं तोंडापर्यंत आलं होतं, पण सासूला कसं म्हणणार. चिखलातून आणलेलं पाणी अंगावर ओतून घेतात आणि केस बघावेत तर कोरडे. तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण मी दमलेली होते, दमलेल्या माणसाला राग तेवढा दिसतो.

मग एका दुपारी हे घरात आले ते तांब्याचा डबा कवेत घेऊन. विहिरीतून सगळाच बाहेर काढला होता. डबा ओला, जड. दमल्यासारखे त्याला धरून उंबऱ्यावर बसले.

"हे बघ," म्हणाले. "तांब्यावर हिरवं चढतं. हे पिवळं कुठून आलं?"

डब्याला कमरेशी पिवळा पट्टा होता. बोट फिरवलं तर निघत नव्हतं. हे म्हणाले, "जमिनीत कसला तरी क्षार असेल. क्षारानं पाणी जड होतं, डबा वर येतो. तेच असेल. विहिरीतलं पाणी बाटलीत भरून शहरात तपासायला नेतो."

मी डब्यावर नाक टेकवलं. मग यांच्याकडं बघितलं. यांना कसं कळत नव्हतं? पण पुरुषमाणूस, हळद भातात गेल्यावरच बघणार. मी आत चुलीकडं बघितलं. आत्याबाई चुलीशी पाठ करून बसल्या होत्या आणि काही ऐकू न आल्यासारख्या विस्तव सारखा करत होत्या.

दुसऱ्या दिवशी पहिली खेप आणून ठेवली, दुसरी घागर काखेत घेऊन निघाले, आणि बांधाच्या वळणावर बाभळीमागं थांबले. नुकतं फटफटलं होतं. पंपहाउसात हे पलीकडच्या खोलीत दाबाचा काटा बघत होते. आत्याबाई घागर कमरेवर घेऊन बाहेर आल्या. वय झालेलं, एक गुडघा वाकत नाही, तरी पाणी सांडू न देता चालल्या. विहिरीचं लोखंडी झाकण सरकवलं. पदराच्या गाठीतनं हळदीची चिमूट काढून आत टाकली, हात जोडले, आणि हळूहळू पाणी ओतायला लागल्या. मधे थांबायच्या, खिडकीशी जाऊन काटा बघायच्या, पुन्हा येऊन ओतायच्या. काटा लाल खुणेवर आला तेव्हा उरलेलं पाणी घागरीत ठेवलं, झाकण लावलं आणि पदरानं तोंड पुसलं.

माझ्या मानेवरून आलेलं पाणी ते. मी पुढं होऊन त्यांचा दंड धरला.

"आत्याबाई, हे काय चाललंय?"

त्या दचकल्या, पण हात सोडवून घेतला नाही. "हळू बोल. तो आत आहे."

"अहो, एरी आटतेय आणि तुम्ही काटा भिजवत बसलात?"

"एरी आटो नाही तर भरो," त्या म्हणाल्या. "एरी काय माझ्या पोटची आहे? काटा खाली गेला की तो माणूस माझ्या पोराला उन्हात उभं करतो. नोकरासमोर काच पुसायला लावतो. काटा वर आहे तेव्हापासून ओरडला का एकदा तरी? तूच म्हणालीस ना."

मी दंड सोडला.

"आणि आमच्याकडं रीत होती," त्या म्हणाल्या. "आषाढात आडी महिना लागला आणि कावेरीला पाणी आलं नाही, की बायका घरची घागर हळद घालून कोरड्या नदीत ओतायच्या. पाण्याला पाणी दाखवलं की येतं. इथं कुणी करत नाही, म्हणून येत नसेल. दोन्ही कामं झाली."

आता या बाईला मारावं की हिच्या पाया पडावं? मला खरंच कळेना. मी तिथंच बांधावर खाली बसले.

यांना सांगायचं की नाही, यावर मी भाकरी थापता थापता सगळी सकाळ घालवली. सांगावं तर मायलेकात विष. न सांगावं तर हे बाटली घेऊन शहरात जाणार आणि हसं होणार. पण निर्णय माझ्या हातात राहिला नाही. कृष्णस्वामी पळत आला. टेलिफोन आला होता. एरीतलं पाणी टिकून आहे म्हणून आजपासून दुसरा पंपही चालू करायचा, जॉर्ज टाउनचे नळ कोरडे पडलेत. दुपारी साहेब स्वतः येताहेत, आणि येताना मानाजीचा कायम होण्याचा कागद आणताहेत. यांच्या तोंडावर हसू येऊन तिथंच अडकलं, रेघेचा तो दात आठवला असावा.

दुसरा पंप लावला आणि आत चिखल ओढला गेला तर दोन्ही पंप जळणार, मग शहराला थेंब नाही. एवढं मलाही कळत होतं. मी यांना पंपहाउसामागं नेलं आणि सांगून टाकलं.

हे ऐकत राहिले. रागावतील असं वाटलं होतं. पण ते नुसते माझ्या ओठांकडं बघत होते, मी मराठी बोलत नसल्यासारखे. मग म्हणाले, "पण पाइप तर एरीला जोडलेला आहे. विहिरीत ओतलेलं पाणी एरीत निघून जायला हवं. राहतं कसं?"

"ते मला काय विचारता?"

हे बांध उतरले. सबंध उन्हाळ्यात पहिल्यांदा. मी मागनं गेले. पाइपाच्या तोंडावर वेलींचं हिरवं दाट रान होतं, वरून बघणाऱ्याला वाटावं खाली पाणीच आहे. यांनी हातांनी वेली ओढल्या. खाली पाणी नव्हतं. गाळ वाळून पाइपाच्या तोंडात बूच बसलं होतं, त्यावर एक खेकडा मरून पडलेला. पाणी कधीच त्या तोंडाच्या खाली जाऊन दूर सरकलं होतं. काट्याची विहीर एरीपासून तुटून एकटीच उभी होती, आणि तिला आत्याबाई रोज पाजत होत्या.

हे गाळात गुडघे टेकून बसले. "मी तार बदलली," म्हणाले. "कप्पी धुतली. तुळजा, मी इथं का नाही आलो?"

मी काय सांगणार? त्यांच्या कोपरापर्यंत गाळ होता. मी पदरानं पुसायला गेले तर म्हणाले, राहू दे.

साहेब आले ते खुशीत होते. खिशाला पेन, बगलेत चामड्याची बॅग. काटा बघून म्हणाले, "शाबास. दुसरा पंप चालू करा."

"नको सार," हे म्हणाले.

"काय?"

"काटा खोटा आहे. पाइपाचं तोंड उघडं पडून गाळानं बंद झालंय. एरीत दुसऱ्या पंपापुरतं पाणी नाही. मी जाऊन बघायला हवं होतं, बघितलं नाही. चूक माझी आहे."

कृष्णस्वामीचा हात पंपाच्या खटक्यावरून खाली आला. साहेबांनी बांध चढून पलीकडं बघितलं, किती तरी वेळ. मग खाली येऊन विहिरीचं झाकण सरकवायला लावलं आणि आत वाकले.

"पाइप बंद, तर मग हे पाणी कुठलं? आणि पिवळं कशानं?"

"गंज, सार," हे म्हणाले. "जुना पाइप आहे."

साहेबांनी विहिरीच्या काठावर बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं. तमिळ घरातला माणूस तो, त्याच्या आईनंही हळद वाटली असेल. त्यानं मान वळवून आमच्या दाराकडं बघितलं. आत्याबाई उंबऱ्यात बसल्या होत्या, शेजारी घागर, आणि त्यांची नजर साहेबांच्या तोंडावर खिळलेली, आता ओरडतो की मग ओरडतो. साहेबांनी बोट रुमालाला पुसलं.

"दुसरा पंप नको," ते कृष्णस्वामीला म्हणाले. "शहरात मी बोलतो." आवाज अगदी खालचा. मग बॅग उघडली, त्यातला कागद अर्धा बाहेर आला. त्यांनी तो वाचल्यासारखा बघितला, पुन्हा आत सरकवला आणि पट्टा आवळला. पेन खिशातच राहिलं.

"पाऊस पडेपर्यंत राहा," ते यांना म्हणाले. "एरीत खुणांचा बांबू रोव आणि रोज डोळ्यांनी बघून सांग. नंतर दुसरा माणूस येईल."

"क्वार्टर, सार?"

"तेव्हाच." आणि जीपमध्ये बसले. या माणसानं दया केली की गळा कापला, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि अजून कळत नाही. म्हातारीचं नाव घेतलं नाही हे खरं. पण यांचं नावही पुसून टाकलं.

हे गाळाचे हात तसेच लोंबते ठेवून घराकडं आले. वाटेत मी ठरवलं होतं, आज म्हातारीला ऐकवायचं, सगळं, एकदा मोकळं व्हायचं. जाऊन पुढ्यात उभी राहिले.

आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. त्या यांच्याकडं बघत होत्या आणि त्यांचं तोंड उजळलेलं होतं.

"आज ओरडला नाही ना रे?"

"नाही आई."

"एकदा पण नाही. मी ऐकत होते. काच पुसायला लावली?"

"नाही."

"बघ," त्या म्हणाल्या आणि गुडघ्यावर हात ठेवून उठायला लागल्या. "काटा कुठं होता?"

यांनी माझ्याकडं बघितलं. माझ्या तोंडात जमवून ठेवलेलं सगळं होतं, पण या वेळी मी जीभ चावली.

"वरच होता, आई," हे म्हणाले.

आत्याबाईंनी रिकामी घागर उचलून माझ्या हातात दिली. "जा गं तुळजे, ऊन उतरलंय तोवर. उद्यालाही लागंल." मी घागर घेतली, पदर खोचला आणि झिऱ्याकडं चालायला लागले. मागं बघितलं तर हे उंबऱ्यावर बसले होते आणि आत्याबाई ओल्या फडक्यानं त्यांच्या हातावरचा गाळ पुसत होत्या.